भैय्याजींच्या बोरिंगचं पाणी

भैय्याजी गोतमारे यांच्याबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या नळाबद्दल सांगावं लागतं. माणूस अबोल, नळ बोलका.

आमची गल्ली भिलाईतली, रिसालीतली. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालं की सेक्टरातलं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं. मग माणूस एक प्लॉट घेतो, घर बांधतो आणि शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत किती आली यावर उरलेलं आयुष्य काढतो. अशा भल्या लोकांची ही गल्ली. भैय्याजी मूळचे उमरेडकडचे. नोकरी प्लांटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, यावर नजर ठेवायची. मी रेल्वेतला, दुर्ग लाइनवर तिकिटं तपासून म्हातारा झालो. समोर आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारल्याशिवाय मला जेवण पचत नाही. ही खात्याची सवय आहे, लोक तिला उगाच चुगली म्हणतात.

तर नळ. घर बांधताना भैय्याजींनी बोरिंग केलं आणि पाणी असं लागलं, की उन्हाळ्यात चारी बाजूंची बोरिंगं खोकायला लागली तरी यांचं धो-धो. तेव्हा रत्नमालावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मिस्त्रीला सांगून एक नळ कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर, रस्त्यावर काढला. भैय्याजींचं म्हणणं होतं की पाणी सगळ्यांना देऊ, पण नळ आत असू दे, लोक आत येऊन भरतील. वहिनी म्हणाल्या, आत आले की लोक लाजतात, बाहेर उभे राहिले की बोलतात. बाई हुशार होती.

मूलबाळ नव्हतं त्यांना. पण सकाळी त्या भिंतीपाशी बादल्यांचा असा कलकलाट असायचा की घरात कोणी नाही हे कळायचंच नाही. कोणाच्या सुनेनं माहेरी फोन लावून काय सांगितलं, कोणाचा जावई सासऱ्याच्या स्कूटरवर डोळा ठेवून आहे, सगळं तिथं यायचं. वहिनी भिंतीच्या आतून भाजी निवडत ऐकायच्या आणि मधूनच एक वाक्य टाकायच्या, आणि बाहेर हसण्याचा गदारोळ व्हायचा. समोरच्या घरातली नूतन त्यांची खास. वहिनींना शुगर होती, गोड बंद होतं, आणि नूतनच्या बादलीत कधीकधी कागदात गुंडाळलेली बालूशाही असायची. ती भिंतीवरून आत जायची. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, एक भैय्याजी सोडून. माझ्या आयुष्यात न सांगितलेली बातमी म्हणाल तर ही एकच.

पुढे वहिनींची किडनी गेली. त्या रायपूर-भिलाई, भिलाई-रायपूर करत राहिल्या, आणि एका माघात गेल्या.

नळ मात्र चालू राहिला. भैय्याजी प्लास्टिकची खुर्ची घेऊन भिंतीच्या आतल्या बाजूला, वहिनी बसायच्या त्याच जागी बसू लागले. भाजी निवडायचं सोंग त्यांना जमलं नाही, म्हणून पेपर घ्यायचे. बाहेर बायका बोलायच्या, आत हे ऐकायचे. आधी बायकांना अवघड झालं, मग सवय झाली. एकदा कोणीतरी विचारलं की अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं ते दल्ली गावच्या पोराशी का दुर्गच्या, तर भिंतीमागून पेपर बोलला, "दुर्गच्या. दल्लीचं मोडलं." त्या दिवशी बायका किती हसल्या सांगू. आणि भैय्याजी, मी माझ्या गॅलरीतून पाहिलं, पेपराआड असे लाजले होते, जसं त्यांना गल्लीनं नोकरीवर घेतलं होतं.

तेवढीच काय ती माणसांची सोबत होती त्यांना. दिवसभराचं उरलेलं घर रिकामंच. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

मग मोहित आला.

खुर्सीपारचा पोरगा, गळ्यात टाय, खांद्यावर बॅग, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पाणी शुद्ध करायची मशीन विकायचा. ती भिंतीवर टांगायची असते तशी. नूतननं त्याला घरात घेतलं आणि गल्लीतल्या आम्हा रिकामटेकड्यांना बोलावलं. पाणी ज्यांचं तपासायचं त्या भैय्याजींनाही निरोप गेला. ते आले. धुतलेला शर्ट घालून, घासलेल्या लोट्यात आपल्या नळाचं पाणी घेऊन. जावयाला पाट मांडायला निघालेल्या सासऱ्याचा थाट होता.

मोहितनं बॅगेतून एक काळा डबा काढला. डब्याच्या पोटाला चार सळया, उलट्या पाटाला पाय असावेत तशा. दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात भैय्याजींचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं मशीनचं पाणी. दोन्ही सारखेच नितळ. प्रत्येक ग्लासात दोन सळया बुडवल्या, पिन बोर्डात घातली आणि खटका दाबला.

मशीनच्या पाण्याला काही झालं नाही. भैय्याजींच्या पाण्यात आधी बुडबुडे आले. मग ते पिवळं झालं. मग शिळ्या पालेभाजीच्या पाण्यासारखं हिरवट. मग तांबूस, आणि त्यात गाळाचे गोळे तरंगू लागले. शेजारचा ग्लास मात्र निर्लज्जासारखा स्वच्छ उभा.

"यही सब रोज आपके पेट में जा रहा है," मोहित म्हणाला. "किडनी बेचारी कब तक छानेगी?"

नूतननं तोंडाला पदर लावला. "माय वं. रत्नमाला काकू जन्मभर हेच पेत होत्या."

ती वाईट नाही. तिच्या तोंडून निघून गेलं. पण निघालेलं वाक्य परत तोंडात जात नाही, हे मी तिकिटाच्या पावतीइतकं पक्कं सांगतो. भैय्याजींनी तो ग्लास पाहिला, आपला रिकामा लोटा उचलला आणि कोणाचा निरोप न घेता घरी गेले.

त्यानंतर गल्लीत भिंतीभिंतीवर मशिनी चढल्या. आमच्याही घरी चढली, सुनेनं लावली. मी विचारलं तर म्हणाली, बाबा, तुम्ही गप्प बसा. मशीन असली की बादली लागत नाही, बादली लागली नाही की नळ लागत नाही. भिंतीबाहेरचा कलकलाट एकेक बाई करत विझला. शेवटी एका सकाळी भैय्याजींनी नळाच्या तोंडावर कापडाचा बोळा कोंबून वरून तार आवळली. स्वतः प्यायला ते पाण्याचे कॅन मागवू लागले. ज्या बोरिंगवर आख्खी गल्ली पोसली, त्या बोरिंगच्या मालकाच्या दारी टेंपोवरून कॅन उतरताना मी पाहिला आणि मला एक टोमणा सुचला होता. पण तो मी गिळला. मलाही कधीकधी जमतं.

खुर्ची मात्र तिथंच राहिली. सकाळी ते बसायचे. बाहेर कोणी नाही. पेपर उघडलेला, पान उलटत नाही. मी रस्त्यानं जाता-येता काही बोललो तर "हव" म्हणायचे. एकदाच त्यांनी आपणहून विचारलं.

"भाऊ, दिसाले त साफच दिसत होतं ना ते पाणी?"

मी म्हणालो, साफच होतं.

"मीच म्हणायचो तिले, बोरिंगचं पाणी थंड असते, मटक्यातलं पे, चांगलं असते. ते कॅनचं मागत होती शेवटी-शेवटी. मी नाही म्हटलं."

मला बातम्या कळतात, पाणी कळत नाही.

आणि मग आमच्या गल्लीला चघळायला एक नवीन विषय मिळाला. भैय्याजींच्या घरी रोज दुपारी एक टायवाला येतो आणि तास-तास आत असतो. कोणी म्हणे घर विकून राहिले. कोणी म्हणे पोरगा दत्तक घेऊन राहिले. नूतन म्हणाली, विमेवाला असेल. हा घोर मला सोसवेना. ऐन नवतपा चालू होता, त्या नऊ दिवसांत आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, पण मी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि भरदुपारी भैय्याजींचं दार वाजवलं.

आत मोहित. मांडी घालून बसलेला, ताटात आलूची भाजी आणि भात. टाय सोडून खुंटीला टांगलेला.

प्रकार असा होता. भैय्याजींनी त्याच्या कार्डावरच्या नंबरावर फोन करून त्याला बोलावलं होतं. पोराला वाटलं गिऱ्हाईक. पण यांना मशीन नको होती. यांना तो खेळ परत पाहायचा होता. टाकीतलं पाणी, मटक्यातलं पाणी, कॅनमधलं पाणी, एकेक ग्लास भरून ते त्याच्यापुढे ठेवत आणि दरवेळी एकच प्रश्न विचारत: हे जे दिसून राहिलं, हे किडनीत जाऊन बसते का? आणि मोहित, शिकवलं होतं तसं, हो म्हणायचा. दारावरची मराठी पाटी पाहून तो पहिल्याच दिवशी मराठीवर आला होता. घरी आईशी बोलायचा तेवढीच त्याची मराठी. विक्री होणार नाही हे त्याला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. पण भरदुपारी खुर्सीपारला परत जाणं नाही आणि कोणी दार उघडत नाही. इथं कूलर होता, जेवण होतं आणि काकाजी म्हणणारं कोणीतरी यावं म्हणून वाट पाहणारा एक म्हातारा होता. ज्या पोरानं नळ बंद पाडला, तोच आता त्या घरात येणारा एकमेव माणूस. भैय्याजींना यात काही विचित्र वाटत नव्हतं. एकटा माणूस कोणाच्या पायाचा आवाज ऐकतो हे निवडत नाही.

मी आलेला पाहून भैय्याजींना हुरूप आला. म्हणाले, भाऊलेही दाखव. मोहित जेवण आटपून हात-तोंड धुवायला मोरीत गेला. त्याचा चेहरा उन्हानं भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. त्याची पाण्याची बाटली, मशीनच्या पाण्याची, टेबलावर होती. आणि इथं भैय्याजींनी जे केलं ते फक्त प्लांटवालाच करू शकतो.

भट्टीपुढे काम करणारी माणसं उन्हाळ्यात मीठ घातलेलं पाणी पितात. घामातून मीठ वाहून जातं, नुसतं पाणी प्यालं तर पायात गोळे येतात. भैय्याजी भट्टीच्या आसपासही नसायचे, पंख्याखाली हजेरी लिहायचे, पण सवय अख्ख्या प्लांटची असते, खात्याखात्याची नसते. घरी येणाऱ्या कोणालाही वैशाखात ते पाण्यात चिमूट टाकल्याशिवाय देत नसत. वहिनी चिडायच्या, पाहुण्याले मीठ पाजता का म्हणून. तर भैय्याजी उठले, मिठाच्या बरणीतून चांगली चिमूट घेतली, बाटलीत टाकली, झाकण लावून हलवली आणि परत होती तशी ठेवली. पोराले ऊन लागन, एवढंच मला म्हणाले.

मोहित आला. बाटली न पिता त्यानं सरळ ग्लासात ओतली, कारण दाखवायचं होतं. एकीकडे नळाचं पाणी, दुसरीकडे आपलं "शुद्ध". सळया बुडवल्या. खटका दाबला.

शुद्ध ग्लास फसफसला. असा फसफसला की बुडबुडे काठावर आले. पिवळा, हिरवा, तांबडा, सगळे रंग त्यानं घाईघाईनं करून टाकले आणि गाळ असा उसळला, की शेजारचं बोरिंगचं पाणी त्याच्यापुढे सोवळ्यातलं वाटावं. मोहितनं पिन उपटली. डबा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग स्वतःच्या बाटलीचा वास घेतला.

"काकाजी, ये क्या हो गया?"

"काही नाही," भैय्याजी म्हणाले. "मी मीठ टाकलं होतं त्यात. तुले पेवाले."

मी जो हसत सुटलो तो मला कूलरला धरून बसावं लागलं. मोहितला रडावं की हसावं कळेना. पण भैय्याजी हसले नाहीत. ते त्या तांबड्या ग्लासाकडे पाहत होते.

"मंग मिठात घाण असते का?" त्यांनी विचारलं.

मीठ आपण रोज खातो. भैय्याजी उठून साखरेचा डबा घेऊन आले. पोराच्या बॅगेत त्याच पाण्याची दुसरी बाटली होती. नवा ग्लास, चमचाभर साखर, चांगली ढवळून. सळया पुसून बुडवल्या, खटका दाबला. काही नाही. आणखी दोन चमचे. शरबत झालं, पण ग्लास नितळच. मीठही विरघळलं होतं, साखरही विरघळली होती, दोन्ही पांढरी, दोन्ही डोळ्यांना दिसेनाशी झालेली. मग एकानं एवढा तमाशा केला आणि दुसरी गप्प का बसली?

"मालूम नाही काकाजी," मोहित म्हणाला. "आमाले एवढंच सांगतलं होतं, की घाण दिसते. मी त माह्या आईलेही हातपंपाचं पाणी बंद केलं."

त्या संध्याकाळी भैय्याजींनी उत्कर्षाला फोन लावला. उत्कर्षा म्हणजे वहिनींच्या बहिणीची मुलगी. शाळेत असताना उन्हाळे-उन्हाळे इथंच राहायची, आता दुर्गच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मावसाजींनी आपणहून फोन केला म्हणून ती घाबरूनच रविवारी आली. मोहितलाही बोलावलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी होतो.

तिनं सगळं ऐकलं आणि पोराला एक शब्द बोलली नाही. म्हणाली, वीज पाण्यातून आपली आपण जात नाही, तिला वाहून नेणारं कोणीतरी पाण्यात असावं लागतं. मी म्हणालो, बातमीसारखं. ती हसली. म्हणाली, बरं काका, बातमीसारखंच धरा, आणि मग माझ्याच उदाहरणाचं बोट धरून तिनं आम्हा तिघांना सगळं समजावलं. मशीनचं पाणी म्हणजे अशी गल्ली, जिथं सगळे दार लावून आत बसलेत. निरोप न्यायला जवळजवळ कोणीच नाही, म्हणून वीज अडते. मीठ ही दोघांची जोडी असते, एक सोडियम, एक क्लोरीन. एकाच्या अंगावर विजेचा धन भार, दुसऱ्याच्या अंगावर ऋण. कोरड्या खड्यात ते एकमेकांना घट्ट धरून असतात, हलत नाहीत, म्हणून कोरडं मीठ वीज नेत नाही. पाण्यात पडलं, की पाणी त्यांच्यामध्ये शिरतं आणि दोघांना वेगळं करतं. मग सळया बुडवल्या, की धनवाला ऋण सळईकडे चालू लागतो आणि ऋणवाला धन सळईकडे. ही जी पाण्यातली ये-जा, तोच पाण्यातला करंट. साखरही विरघळते, पण तिचा कण फुटत नाही. अख्खाच्या अख्खा पाण्यात फिरतो आणि त्याच्यावर कसलाच भार नसतो. सळई त्याला ओढणार कशी? साखर कोणाच्याच पार्टीची नाही.

"आणि तांबडं?" मोहितनं विचारलं.

उत्कर्षानं डबा उलटा केला आणि एक सळई आमच्यापुढे धरली. टोकाकडे ती कुरतडल्यासारखी झाली होती, उंदरानं खाल्लेल्या साबणासारखी. सळई लोखंडाची. करंट वाहू लागला, की तिचंच लोखंड सुटून पाण्यात येतं आणि तिथं गंजतं. बोरिंगच्या पाण्यात जमिनीतले क्षार असतात, म्हणून तिथं करंट वाहतो. मशीननं क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथं वाहत नाही. तो गाळ पाण्यातून निघालाच नव्हता, सळईतून निघाला होता.

लोखंडाच्या गावात उभे जन्म गेले आमचे. सायकलचा गंज, खिडकीचा गंज, पावसाळ्यात टिनावरचा गंज. आणि नूतनच्या टेबलावर समोर गंज आला तर दहा जणांत एकालाही ओळखता आला नाही.

भैय्याजी मात्र मागेच कुठेतरी अडकले होते. त्यांनी हळूच विचारलं, "ते जे दोघं वेगळे होतात मिठातले. ते मंग पुन्हा एकत्र येतात का?"

"पाणी आटलं की येतात, मावसाजी."

त्यांनी मान हलवली. उत्कर्षा खिडकीबाहेर बघू लागली.

पण पोरगी सरळ. म्हणाली, यावरून तुमचं पाणी वाईट आहे असं ठरत नाही, तसं चांगलं आहे असंही ठरत नाही. हा खेळ त्याबद्दल काहीच सांगत नाही. पाणी नीट तपासू, मग बोलू. नळाची तार तिनं स्वतः सोडवली, बाटली भरली आणि तपासणीसाठी दुर्गला घेऊन गेली.

ते दिवस भैय्याजींना फार जड गेले. गंज सळईचा होता हे कळलं होतं, पण सुटका झाली नव्हती. जणू निकालाची तारीख लागली होती. माझ्याकडे येऊन बसायचे. चहा थंड व्हायचा. मी खोट्यानाट्या गोष्टी सांगून त्यांना हसवायला पाहायचो, तर मध्येच म्हणायचे, "भाऊ, खराब निघालं त काय करू?" मी म्हणालो, तर बोरिंग बुजवू. ते म्हणाले, "बोरिंग बुजवता येते."

उत्कर्षा पुढच्या रविवारी आली. दारातूनच सांगितलं, पाणी जड आहे, डाळ शिजायला वेळ लावेल, भांड्यांवर पांढरं धरेल, पण पिण्यालायक आहे. भैय्याजींनी डाळीचं काही ऐकलं नाही.

"मंग माह्या पाण्यानं नाही गेली ते."

"नाही मावसाजी. मावशीची शुगर किती जुनी होती. त्यानंच किडनी गेली. डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," भैय्याजी म्हणाले. "पण ते दिसलं नव्हतं. हे दिसलं."

मग ते आत गेले. मला वाटलं रडायला गेले. पण भांडं घेऊन आले, बाहेर नळावर गेले, तोटी सोडली. आठवडाभर पुन्हा बंद होता, आधी गुरगुरला, मग वाफाळलेलं पाणी आलं, मग थंड आलं. त्यांनी भांडं भरून घेतलं आणि रस्त्यावर उभ्याउभ्या प्यायले. अर्धं शर्टावर सांडलं. दुसरं भांडं भरलं, तेही प्यायले. उत्कर्षा म्हणाली, मावसाजी, बस. मी मात्र ग्लासातल्या त्या निर्दोष साखरेचा आणि कागदात गुंडाळलेल्या बालूशाहीचा विचार करत होतो आणि समोर नूतनच्या दाराकडे माझी नजर जाऊ नये म्हणून आभाळाकडे पाहत होतो.

आता तुम्हाला वाटत असेल, की नळ सुटला, गल्ली धावत आली. तसं झालं असतं तर मी ही गोष्ट अजून रंगवून सांगितली असती.

भैय्याजी स्वतः घरोघर गेले. मोहितचा डबा सोबत, एका हातात मीठ, एका हातात साखर. प्रत्येक घरी खेळ करून दाखवला. लोकांनी पाहिला, हसले, त्या कंपनीला शिव्या दिल्या. नूतननं चहा केला आणि कप पुढे करताना म्हणाली, "काकाजी, मी तसं बोलाले नोको होतं." भैय्याजी म्हणाले, जाऊ दे पोरी. तिचे डोळे का भरले ते त्यांना पूर्ण कळलं नाही. मला कळलं. पण मशीन भिंतीवर होती. स्वयंपाकघरात हात लांब केला की पाणी. खरं कळलं म्हणून कोणी सकाळी सातला बादली घेऊन रस्त्यावर येत नाही. सवय मोडायला एक तांबडा ग्लास पुरतो, सवय परत लावायला शंभर नितळ ग्लास पुरत नाहीत.

मोहितनं ती नोकरी सोडली, डबा भैय्याजींकडेच ठेवून गेला. आता सुपेला बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात असतो. सुरुवातीला दोन-तीनदा आला, जेवून गेला. मग फोन करायचा. मग सणावाराला करायचा. जवान पोट्टा, त्याची काय चूक?

गॅसवाला आला, की भैय्याजी त्याला विचारतात, एक गंमत पाहतो का? मीटर वाचणारा आला, की त्यालाही. घाईत असतात ते. अंकल, अगली बार, म्हणतात आणि गाडीला किक मारतात. भैय्याजी मग दोन्ही ग्लास धुऊन ठेवतात.

पण एक गोष्ट खरी, ते आता झोपतात. पूर्वी मध्यरात्री त्यांच्या घरचा दिवा पेटलेला असायचा, तो आता नसतो. कॅनचा टेंपो बंद झाला. खुर्ची भिंतीच्या आतून उचलून त्यांनी बाहेर, नळाच्या शेजारी मांडली आहे.

मी सकाळी बादली घेऊन जातो. सून विचारते, बाबा, घरात मशीन असताना बादली कशाला? मी सांगतो, झाडांना. आमच्याकडे झाड म्हणजे एक तुळस. तिला रोज बादलीभर पाणी दिलं तर ती पोहायला शिकेल. भैय्याजींनाही हे माहीत आहे. तोटी सोडतात, बादली हळूहळू भरेल एवढीच धार ठेवतात, आणि विचारतात, "काय खबर, भाऊ?"

आता नळावर बायकाच येत नाहीत, तर खबर येणार कुठून? गल्लीत कोणाचं काय चाललंय ते मलाही कळेनासं झालंय. म्हणून मी रचतो. काल सांगितलं, नूतनच्या नवऱ्यानं मिशीला रंग लावला आणि तो उशीला लागला. भैय्याजींनी मला नखशिखांत पाहिलं. त्या माणसाला मिशीच नाही.

"मंग?" ते म्हणाले. "नूतन काय बोलली त्याले?"

बादली भरली होती. मी ती तुळशीच्या नावानं रस्त्यावर ओतली, परत तोटीखाली ठेवली आणि पुढचं रचायला घेतलं.